चित्रचौकटीचा आकारबदल आणि प्रतिमेची गुणवत्ता : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

चलच्चित्राचा इतिहास लिहिताना दिग्दर्शक, कलावंत, कथा आणि संगीत यांची दखल विस्ताराने घेतली जाते. परंतु पडद्यावर जी प्रतिमा दिसते ती कोणत्या आकारात टिपली गेली, किती वेळा लहान किंवा मोठी केली गेली आणि त्या प्रवासात तिच्यातील काय गळून पडले, याचा विचार क्वचितच केला जातो. आज संकलनाच्या संगणकावर ४के चित्रण एचडी आकारात आणणे हे एका आकड्यात फेरफार करण्याइतके सोपे वाटते. प्रत्यक्षात त्या आकड्यामागे सुमारे शंभर वर्षांचा अनुभव उभा आहे. हा अनुभव प्रथम फिल्म प्रयोगशाळांनी, नंतर दूरचित्रवाणीच्या अभियंत्यांनी आणि अखेरीस गणितज्ञांनी व संगणकशास्त्रज्ञांनी मिळविलेला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या अनुभवाचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) फिल्मयुगात प्रतिमेचा आकार बदलण्याच्या ज्या पद्धती होत्या त्यांचा आढावा घेणे.
२) आकारबदलामागील गणिती विचार कसा विकसित झाला हे समजून घेणे.
३) डिजिटल संकलनात गुणवत्ता टिकविण्याची जी तत्त्वे आज पाळली जातात त्यांची ऐतिहासिक मुळे शोधणे.
४) दृश्य साधनांचे जतन आणि इतिहासलेखन यांच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व स्पष्ट करणे.

गृहीतक :

तंत्रे बदलली तरी आकारबदलानंतर प्रतिमेची गुणवत्ता प्रामुख्याने तीन गोष्टींवर अवलंबून राहिली आहे. मूळ प्रतिमा किती मोठी होती, आकार नेमका कोणत्या टप्प्यावर बदलला गेला आणि काय टाकून द्यायचे याचा निर्णय कोणी व कसा केला, या त्या तीन गोष्टी होत.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. फिल्मयुग : मोठ्यातून लहान आणि लहानातून मोठे

चित्रपटासाठी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. १९२३ मध्ये कोडॅक कंपनीने १६ मिमी फिल्म बाजारात आणली आणि एकाच चित्रपटाचे दोन आकार अस्तित्वात आले. शाळा, ग्रंथालये आणि फिरती प्रदर्शने यांसाठी ३५ मिमी चित्रपटाच्या १६ मिमी प्रती काढल्या जाऊ लागल्या. फिल्मवरून फिल्मवर, भिंगातून प्रतिमा टाकून तिचा आकार बदलणाऱ्या यंत्रास ऑप्टिकल प्रिंटर म्हणतात. एका बाजूस प्रक्षेपक आणि समोर कॅमेरा, अशी त्याची मूळ रचना होती. आरकेओ स्टुडिओतील लिनवुड डन यांनी या यंत्राला प्रगत रूप दिले. 'सिटिझन केन' (१९४१) या चित्रपटातील अनेक दृश्यांत त्यांच्या ऑप्टिकल प्रिंटिंगचा वाटा आहे.

या यंत्रावर काम करणाऱ्यांना दोन गोष्टी लवकरच उमगल्या. पहिली अशी की, मोठी प्रतिमा लहान करताना ती सहसा सुधारलेली दिसते, तर लहान प्रतिमा मोठी करताना तिचे दोषही मोठे होतात. १६ मिमी चौकटीची रुंदी सुमारे १० मिमी, तर ३५ मिमीवरील प्रचलित चौकटीची सुमारे २२ मिमी असते. म्हणजे १६ मिमीवरून ३५ मिमीवर जाताना प्रतिमेबरोबर फिल्मचे दाणे, ओरखडे आणि धूळ हे सर्व दुपटीहून अधिक वाढते. ओरखडे लपविण्यासाठी फिल्म द्रवात भिजलेल्या अवस्थेत छापण्याची युक्ती वापरली गेली. फिल्मच्या पायाशी मिळतीजुळती वक्रीभवनक्षमता असलेला द्रव ओरखड्यात भरतो आणि ओरखडा दिसेनासा होतो. दुसरी गोष्ट अशी की, प्रत्येक छपाईबरोबर गुणवत्ता एक पायरी खाली उतरते. प्रतीची प्रत आणि तिचीही प्रत काढत गेल्यास दाणे वाढतात, प्रकाशछायेचा विरोध बिघडतो आणि तपशील पुसट होतो.

या अनुभवातून मूळ चौकटच मोठी करण्याचा विचार पुढे आला. १९७० च्या सुमारास स्वीडनमध्ये रूने एरिक्सन यांनी सुपर १६ ही पद्धत प्रचारात आणली. फिल्मच्या एका कडेची, एरवी ध्वनिपट्टीसाठी राखलेली जागा प्रतिमेसाठी वापरल्याने चौकट रुंद झाली आणि ३५ मिमीवर वाढविताना ताण कमी पडू लागला.

या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण व्हिस्टाव्हिजन या पद्धतीचे होय. दूरचित्रवाणीमुळे घटणारा प्रेक्षकवर्ग परत आणण्यासाठी १९५० च्या दशकात अमेरिकी स्टुडिओंनी रुंद पडद्याचा आश्रय घेतला. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने 'द रोब' (१९५३) सिनेमास्कोपमध्ये काढला. त्यात विशेष भिंगाने प्रतिमा आडव्या दिशेने दाबून टिपली जाई आणि प्रक्षेपणात पुन्हा पसरविली जाई. भारतात गुरुदत्त यांच्या 'कागज़ के फूल' (१९५९) या चित्रपटाद्वारे सिनेमास्कोपचे आगमन झाले. त्याचे छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे होते. पॅरामाउंट स्टुडिओने मात्र वेगळी वाट धरली. 'व्हाइट ख्रिसमस' (१९५४) या चित्रपटापासून त्यांनी ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्यातून आडवी फिरविली. प्रत्येक चौकटीस चारऐवजी आठ छिद्रांची लांबी मिळाल्याने निगेटिव्हचे क्षेत्र सुमारे दुप्पट झाले. मग ही मोठी निगेटिव्ह लहान करून नेहमीच्या ३५ मिमी प्रतीवर छापली जाई. चित्रपटगृहातील फिल्म तीच, प्रक्षेपकही तोच, तरी प्रतिमा अधिक रेखीव दिसे, कारण लहान करताना दाणेही लहान होत. 'व्हर्टिगो' (१९५८) आणि 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) हे हिचकॉक यांचे चित्रपट याच पद्धतीचे आहेत. पुढे रंगीत फिल्मचे दाणे बारीक झाले आणि १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ही पद्धत मागे पडली. मात्र 'स्टार वॉर्स' (१९७७) च्या विशेष दृश्यांसाठी जुने व्हिस्टाव्हिजन कॅमेरे पुन्हा बाहेर काढले गेले. एकावर एक अनेक छपाया कराव्या लागणार असल्याने मुळातच शिल्लक मोठी असणे तेथे आवश्यक होते.

उलट दिशेचे उदाहरण आपल्याकडे सर्वपरिचित आहे. 'शोले' (१९७५) हा चित्रपट ३५ मिमी फिल्मवर चित्रित करून ७० मिमीवर वाढविण्यात आला. ७० मिमीची चौकट अधिक रुंद असल्याने मूळ प्रतिमेचा वरखालचा काही भाग सोडावा लागतो. म्हणून छायाचित्रणाच्या वेळीच दोन्ही चौकटींचा विचार करणे भाग होते. आकारबदल हा प्रयोगशाळेतील अखेरचा उपचार नसून त्याची तयारी चित्रीकरणस्थळीच होते, हे यावरून ध्यानात येते.

२. दूरचित्रवाणीचा लहान पडदा

चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविताना आकारबदलाचा प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहिला. अमेरिकेत ५२५ आडव्या रेषांची, तर युरोपातील बहुतेक देशांत आणि भारतात ६२५ रेषांची पद्धत होती. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेही याच ६२५ रेषांवर. त्यांपैकी ५७६ रेषाच प्रत्यक्ष चित्रासाठी असतात. ३५ मिमी फिल्मवरील सूक्ष्म तपशील या रेषांत मावणे अशक्य होते.

पडद्याच्या आकाराने आणखी एक अडचण निर्माण केली. २३ सप्टेंबर १९६१ रोजी अमेरिकेतील एनबीसी वाहिनीने 'हाउ टू मॅरी अ मिलिअनेअर' हा सिनेमास्कोप चित्रपट प्रसारित केला. रुंद चित्र जवळजवळ चौरस पडद्यावर बसविण्यासाठी त्यातील महत्त्वाचा भाग निवडायचा आणि बाकीचा कापायचा, ही रीत त्यानंतर रूढ झाली. २.३५ : १ प्रमाणाच्या चित्रातून १.३३ : १ चा भाग उचलल्यास सुमारे ४३ टक्के चित्र नाहीसे होते. दोन पात्रांमधील संवादात कोण दिसावे, हा दिग्दर्शकाचा निर्णय अशा रीतीने प्रसारणकक्षातील तंत्रज्ञाकडे गेला. गुणवत्ता म्हणजे केवळ रेखीवपणा नव्हे, रचनेचा अर्थही तीत येतो, हे या प्रकरणातून दिसून येते.

एका देशाचा कार्यक्रम दुसऱ्या देशात दाखवायचा तर रेषांची संख्याही बदलावी लागे. आरंभी एका पद्धतीच्या पडद्यासमोर दुसऱ्या पद्धतीचा कॅमेरा ठेवला जाई. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या वेळी बीबीसीने इलेक्ट्रॉनिक रूपांतरक वापरला. १९७० च्या दशकात ब्रिटनच्या स्वतंत्र प्रसारण प्राधिकरणाने डिजिटल रूपांतरक तयार केला. या रूपांतरात एक विशेष पेच होता. दूरचित्रवाणीचे चित्र एकाआड एक रेषांच्या दोन क्षेत्रांत विभागलेले असते आणि ती दोन क्षेत्रे एकाच क्षणाची नसतात. ६२५ रेषांच्या पद्धतीत त्यांच्यात १/५० सेकंदाचे अंतर असते. हे ध्यानात न घेता चित्र लहानमोठे केल्यास धावणाऱ्या माणसाच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात. जुन्या व्हिडिओ कॅसेटवरील चित्रण आजच्या प्रकल्पात घेताना आधी क्षेत्रे नीट सोडवावीत आणि मगच आकार बदलावा, हा नियम येथून आला आहे.

३. नमुन्यांचे गणित

१९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारस ६०१ मान्य झाली आणि डिजिटल दूरचित्रवाणीच्या प्रत्येक रेषेत ७२० नमुने निश्चित झाले. प्रतिमा आता दाण्यांची न राहता मोजलेल्या नमुन्यांची झाली. साहजिकच तिचा आकार बदलणे म्हणजे जेथे मोजमाप केलेच नव्हते तेथील मूल्य काढणे ठरले.

या प्रश्नाचा सैद्धान्तिक पाया पूर्वीच घातला गेला होता. ई. टी. व्हिटेकर (१९१५), हॅरी नायक्विस्ट (१९२८), व्लादिमिर कोटेलनिकोव्ह (१९३३) आणि क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कार्यातून नमुनन सिद्धान्त आकारास आला. त्याचा आशय असा की, एखाद्या संकेतातील सर्वांत जलद स्पंदनाच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले तरच तो संकेत पुन्हा पूर्णपणे उभा करता येतो. नमुने कमी पडले तर सूक्ष्म तपशील केवळ नाहीसा होत नाही, तर तो खोट्या, जाड आकृतीचे सोंग घेऊन परत येतो. वृत्तनिवेदकाच्या कोटावरील बारीक चौकडा पडद्यावर लाटांसारखा हलताना दिसतो, तो यामुळेच. म्हणून प्रतिमा लहान करण्यापूर्वी नव्या आकारात न मावणारा तपशील आधी हळुवारपणे गाळून टाकावा लागतो. काही पिक्सेल नुसते वगळून चित्र लहान करणे ही सर्वांत वेगवान, पण सर्वांत सदोष पद्धत होय.

हे गाळणे कसे करावे याविषयी १९७० आणि १९८० च्या दशकांत महत्त्वाचे संशोधन झाले. १९७९ मध्ये क्लॉड डुशाँ यांनी हंगेरियन गणितज्ञ कॉर्नेलिअस लँक्झोश यांच्या कल्पनेवर आधारित गाळणीचे विवेचन केले. १९८१ मध्ये रॉबर्ट कीज यांनी घन बहुपदीवर आधारलेली पद्धत मांडली. १९८८ मध्ये डॉन मिचेल आणि अरुण नेत्रावली यांनी संगणकीय चित्रणासाठीच्या गाळण्यांवर निबंध प्रसिद्ध केला. नेत्रावली हे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. पुढे ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांचे अध्यक्ष झाले आणि २००१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. मिचेल व नेत्रावली यांनी दोन अंक बदलून मिळणाऱ्या गाळण्यांचे एक संपूर्ण कुटुंबच तपासले आणि प्रतिमा जाणकारांना दाखवून त्यांचे मत घेतले. एका टोकाला चित्र पुसट होते, दुसऱ्या टोकाला कडांभोवती खोटी वलये उमटतात. या दोषांमध्ये समतोल साधणारी निवड म्हणून त्यांनी दोन्ही अंक १/३ घ्यावेत असे सुचविले.

या संशोधनाचे ऐतिहासिक महत्त्व असे की, निर्दोष आकारबदल अस्तित्वात नाही हे त्यातून मान्य झाले. पुसटपणा, वलये आणि खोट्या आकृती यांपैकी एक दोष कमी केला की दुसरा डोके वर काढतो. त्यामुळे चित्राचे स्वरूप पाहून गाळणी निवडणे ही संकलकाची जबाबदारी ठरते.

याच्या जोडीला आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. व्हिडिओतील आकडे प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणात नसतात. चित्रनलिकेच्या गुणधर्मामुळे आणि डोळ्याच्या संवेदनशीलतेमुळे ते वक्र प्रमाणात साठविले जातात. ० (काळा) आणि २५५ (पांढरा) या दोन पिक्सेलांची आकड्यांनी सरासरी सुमारे १२८ येते. प्रकाशाची सरासरी काढून ती संगणकाच्या रूढ प्रमाणात पुन्हा लिहिली तर १८८ च्या जवळपास येते. म्हणूनच आकार बदलताना आकडे आधी प्रकाशाच्या सरळ प्रमाणात आणावेत, अन्यथा रात्रीच्या दृश्यातील दिव्यांसारखे बारीक तेजस्वी बिंदू मंदावतात.

४. डिजिटल संकलनकक्ष

फिल्मच्या काळात संकलक मूळ निगेटिव्हला हात लावत नसे. तिच्यावरून काढलेल्या कामाच्या प्रतीवर कापाकापी होई आणि निर्णय पक्के झाल्यावर कडेच्या क्रमांकांच्या आधारे निगेटिव्ह जोडली जाई. १९८९ मध्ये अॅव्हिड कंपनीची संगणकीय संकलनप्रणाली आली तेव्हा साठवणक्षमता अपुरी असल्याने चित्रे अत्यंत कमी प्रतीची असत. निर्णय मात्र त्यांवरच घेतले जात आणि अंतिम प्रत मूळ टेपवरून किंवा निगेटिव्हवरून तयार होई. आज ज्यास प्रॉक्सी म्हणतात ती लहान आकाराची प्रत याच परंपरेतील आहे. काम प्रतीवर आणि निर्मिती मुळावरून, हे तत्त्व कायम राहिले.

आकड्यांची वाढ मात्र विलक्षण आहे. ७२० × ५७६ च्या चौकटीत ४,१४,७२० पिक्सेल असतात. १९२० × १०८० मध्ये २०,७३,६०० आणि ३८४० × २१६० मध्ये ८२,९४,४०० असतात. म्हणजे आजची यूएचडी चौकट जुन्या डिजिटल चौकटीच्या वीसपट आहे. २००७ मध्ये रेड वन हा ४के कॅमेरा आला तेव्हा बहुतेक चित्रपटांची अंतिम प्रत २के आकाराचीच असे. तरीही मोठ्या चित्रणाचा लाभ होत होता. अशा कॅमेऱ्यातील प्रत्येक संवेदनबिंदू एकच रंग टिपतो आणि उरलेले रंग शेजाऱ्यांवरून काढले जातात. चार पिक्सेलांचा एक करताना हा अंदाज अधिक खरा होतो आणि पिक्सेलगणिक स्वतंत्र असलेला गोंगाट सुमारे निम्म्यावर येतो. रंगाची माहिती अर्ध्या आकारात साठविणाऱ्या यूएचडी चित्रणात तर रंगाचे नमुने १९२० × १०८० असतात. ते एचडीत आणले की रंग व उजळपणा यांचे विभेदन समान होते. व्हिस्टाव्हिजनने १९५४ मध्ये जे फिल्मवर साधले तेच येथे पिक्सेलांवर साधले गेले.

मात्र हा लाभ आपोआप मिळत नाही. काही संकलनप्रणालींत चित्रण चौकटीत बसविण्याच्या दोन आज्ञा असतात. एक केवळ प्रमाणाचा आकडा बदलते आणि मूळ पिक्सेल हाताशी ठेवते. दुसरी चित्र प्रथम लहान करून टाकते आणि नंतर संकलकाने जवळचे दृश्य घेण्यासाठी ते वाढविले तर लहान केलेलेच चित्र ताणले जाते. एकाच पडद्यावर सुरुवातीस दोन्हींचा परिणाम सारखा दिसत असल्याने ही चूक उशिरा ध्यानात येते. ४के चित्रण एचडी प्रकल्पात असेल तर दुपटीपर्यंत जवळ जाता येते, पण त्यासाठी मूळ पिक्सेल शिल्लक असावे लागतात.

५. मूळ जपण्याचा प्रश्न

या चर्चेचा सर्वांत गंभीर भाग जतनाशी संबंधित आहे. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' (१९८७ ते १९९४) ही अमेरिकी मालिका ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली, पण तिचे संकलन आणि विशेष दृश्ये व्हिडिओवर पूर्ण झाली. परिणामी प्रसारणासाठीची प्रत कमी विभेदनाची राहिली. २०१२ पासून तिची एचडी आवृत्ती प्रकाशित झाली, ती मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून आणि सर्व भाग नव्याने जोडून. निगेटिव्ह जपून ठेवली होती म्हणूनच हे शक्य झाले. याउलट '२८ डेज लेटर' (२००२) हा चित्रपट प्रामुख्याने लहान डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यांवर टिपला गेला. त्याच्या मागे अधिक तपशिलाचा कोणताही साठा नाही. 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' (२०००) पासून संपूर्ण चित्रपटाची रंगसंगती संगणकावर २के आकारात करण्याची प्रथा पसरली. त्यामुळे १९५५ च्या निगेटिव्हमधून आज जेवढा तपशील निघतो तेवढा २००५ च्या अंतिम डिजिटल प्रतीतून निघेलच असे नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि फाळके यांच्या मूकपटांचे हाती लागलेले भाग तेथे सांभाळले गेले. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्यास लागलेल्या आगीत मौल्यवान रिळे नष्ट झाली. २०१४ मध्ये मान्यता मिळालेल्या राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली जुन्या चित्रपटांचे डिजिटल रूपांतर हाती घेण्यात आले. अशा कामात स्कॅनचा आकार आज कोणत्या पडद्यावर दाखवायचे यावरून ठरविल्यास उद्याच्या अभ्यासकाचे नुकसान होते. तो मुळात किती तपशील आहे यावरून ठरविला पाहिजे. मराठी नाटकांची आणि व्याख्यानमालांची व्हीएचएस कॅसेटवरील चित्रणेही याच न्यायाने पाहावयास हवीत. ती आहेत त्याच आकारात, कमीत कमी संक्षेपाने साठवावीत आणि मोठी केलेली प्रत वेगळी ठेवावी.

२०१४ पासून कृत्रिम न्यूरल जाळ्यांच्या साहाय्याने प्रतिमा वाढविण्याचे तंत्र पुढे आले आहे. ते पूर्वी पाहिलेल्या असंख्य चित्रांच्या आधारे नसलेला तपशील सुचविते. करमणुकीच्या दृष्टीने त्याचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु जुन्या सभेच्या चित्रणातील अस्पष्ट चेहरा अशा रीतीने स्पष्ट झाला, तर तो चेहरा त्या माणसाचा असतोच असे नाही. पूर्वीच्या पद्धती तपशील गमावीत असत, ही पद्धत तो निर्माण करते. इतिहासाच्या अभ्यासकाने गमावलेल्यापेक्षा निर्माण केलेल्या तपशिलाची अधिक धास्ती बाळगली पाहिजे, कारण गमावलेले दिसून येते, निर्माण केलेले ओळखू येत नाही.

निष्कर्ष :

१) मोठी मूळ प्रतिमा लहान करून वापरल्याने गुणवत्ता वाढते, हे तत्त्व व्हिस्टाव्हिजनपासून ४के चित्रणापर्यंत अबाधित आहे.
२) आकारबदल मूळ चित्रणावरून, शक्यतो एकदाच करावा. प्रतीची प्रत घेतल्याने होणारी हानी फिल्मप्रमाणेच डिजिटल माध्यमातही संभवते.
३) लहान करण्यापूर्वी योग्य गाळणी, सरळ प्रकाशप्रमाणातील गणन, क्षेत्रांचे विलगीकरण आणि अंतिम संक्षेप सर्वांत शेवटी, हा क्रम इतिहासातील प्रत्यक्ष चुकांतून सिद्ध झाला आहे.
४) कोणतीही पद्धत निर्दोष नाही. काय टाकून द्यायचे हा निर्णय जाणीवपूर्वक घ्यावा लागतो.
५) जतनाच्या कामात मूळ प्रत आणि सुधारित प्रत स्वतंत्र ठेवून केलेल्या बदलांची नोंद ठेवणे आवश्यक आहे.

समारोप :

ऑप्टिकल प्रिंटरवर बसलेला तंत्रज्ञ आणि आजचा संकलक यांच्यात यंत्रांचे अंतर मोठे असले तरी त्यांच्यापुढील प्रश्न एकच आहे. लहान चौकटीत मोठे चित्र बसविताना काहीतरी सोडावेच लागते. सोडलेले परत मिळविण्याची वाट मूळ प्रतीकडेच जाते आणि ती प्रत नष्ट झाली की कोणतेही गणित ती वाट पुन्हा उघडू शकत नाही. महाविद्यालये, नाट्यसंस्था आणि ग्रंथालये यांच्या कपाटांतील कॅसेट व रिळे आजही या दृष्टीने तपासली जाणे गरजेचे आहे.